कंप्रेसर चालतोय तोवर

देवदत्त हरकरेबद्दल काहीतरी लिहा, असं सून म्हणाली तेव्हा मी बरेच दिवस टाळाटाळ केली. एक तर मला लिहायची सवय नाही. नाशिकला कारखान्यात होतो तेव्हा शिफ्ट संपताना फळ्यावर 'पंपाची मोटार, बेअरिंग बदलले' असं खडूनं लिहायचो, तेवढंच माझं लेखन. दुसरं म्हणजे, तो मला फारसा माहीतच नव्हता. इथे परदेशात, शॉमबर्गमध्ये आम्ही काही वर्षं जवळजवळ रोज भेटलो, एका गाळ्यात तासन्‌तास बसलो, पण त्याच्या केव्हाच वारलेल्या बायकोचं नाव प्रीता होतं हे मला तोही वारल्यानंतर कळलं. नागपुरात तो कुठल्या भागातला, भाऊबहीण होते का, सॉफ्टवेअरची नोकरी त्यानं सोडली की ती गेली, यातलं मी काही विचारलं नाही. त्यानंही माझं काही विचारलं नाही. दोघांनाही ते बरं वाटत असावं.

पण त्याच्या मुलीचा, सईचा, दूरच्या बॉथेल गावाहून फोन आला. तो गेल्याची बातमी सांगून झाल्यावर ती म्हणाली, "काका, एक विचारू? मी बाबांना फोर्स केलं का? शॉप बंद करायला?" मी "छे छे, नाही गं" असं काहीतरी पुटपुटलो. तिला ते पटलं नाही. माझ्या आवाजावरून कुणालाच पटलं नसतं. फोनवर मला सुचत नाही. म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हे लिहितोय. सईला मराठी कळतं, वाचता येत नाही. आमची सून हिमानी तिला वाचून दाखवणार आहे. लिहिण्यात चूकभूल झाली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

देवदत्त देवघरं बनवायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी त्याचं काम असेल. वर छोटा कळस, खाली निरांजनाचा खण, आणि मूर्तीच्या मागची फळी धुरानं काळी पडू नये म्हणून पत्र्याची पट्टी. आमच्या मुलानं, अनीशनं, नवं घर घेतलं तेव्हा असंच एक करून घेतलं. द्यायला आला तो देवदत्त स्वतःच, व्हॅन घेऊन. उंच, वाकलेला, साठी ओलांडलेला माणूस. देवघर भिंतीला लावता लावता म्हणाला, "तुम्ही दिवसभर घरीच असता का काका?"

"असतो."

"बोअर नाही होत?"

मी हसलो. काय सांगणार? अनीश आणि हिमानी सकाळी बाहेर पडले की घरात फक्त हीटर सुरू झाल्याचा आणि बंद पडल्याचा आवाज. मला गाडी येत नाही. आमच्या भागात चालत जाण्यासारखं एकच ठिकाण म्हणजे पत्रपेटी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची व्हॅन दारात उभी. "तुमचं घर माझ्या गाळ्याच्या रस्त्यावरच आहे. या बसायला. कॉफी वाईट आहे, पण गरम असते."

तसा मी जाऊ लागलो. गाळा म्हणजे एका लांबलचक पत्र्याच्या इमारतीतला एक तुकडा. बाजूला टायरवाला. आत लाकडाचा भुसा, व्हार्निशचा वास, आणि कोपऱ्यात टाकीत हवा दाबून भरणारा तो कंप्रेसर. गाळा घेतला तेव्हा आधीच्या मालकानं मागे सोडलेला, वय कुणालाच माहीत नाही असा. खिळे मारायची बंदूक, पॉलिशची फवारणी, भुसा उडवणं, सगळं त्याच्या हवेवर. तो बंद तर गाळा बंद. मी स्टूलवर बसून छोट्या कळसांना पॉलिशपेपर मारायचो. देवदत्त कापायचा, जोडायचा. दुपारचं जेवण होईपर्यंत आमच्यात पाचपन्नास शब्द झाले तर खूप.

रविवारी मात्र तो बोलायचा, कारण त्या दिवशी सईचा फोन यायचा. तो फोन बाकावर ठेवून काम करत बोलायचा, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. बोलणं दर वेळी एकाच गावाला जायचं.

"बाबा, किती दिवस एकटे राहणार? शुगर चेक केली? इकडे या ना यार. खाली एक रूम रिकामीच आहे."

"येईन ना."

"व्हेन?"

"हा कंप्रेसर चालतोय तोवर चालवतो दुकान. तो मेला की मी आलोच समज. शब्द देतो."

"बाबा, दॅट थिंग विल नेव्हर डाय."

"मग काय करू? त्याला गोळी घालू?"

ती हसायची. तोही हसायचा. फोन ठेवला की मशीन सुरू करायचा आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत चकार शब्द नाही. मला वाटायचं, याला जायचं नाही. गाळ्यात जीव अडकलाय याचा. खरं सांगायचं तर तसं वाटण्यात माझा फायदाही होता.

गाळ्याच्या शेवटच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मला खोकला झाला. हिमानीनं घराबाहेर पडू दिलं नाही. खंडेनवमीला देवदत्त दरवर्षी हत्यारांची पूजा करायचा. करवत, रंधा, ड्रिल, सगळं पुसून मांडायचा, झेंडूऐवजी दुकानातून आणलेली पिवळी फुलं. त्या वर्षी त्यानं ती एकट्यानंच केली. मला फोटो पाठवला होता. फोटोत हत्यारं होती, फुलं होती, माणूस कुणी नव्हता.

पूजेनंतर त्यानं गाळा उघडलाच नव्हता. मी पुन्हा जायला लागलो त्याच सकाळी कंप्रेसर बिघडला. बिघडला म्हणजे काय, ते थोडं सांगतो. कंप्रेसरच्या मोटारीला वीज थेट जात नाही. मध्ये भिंतीवर एक पत्र्याचा डबा असतो, तो स्टार्टर. टाकीतली हवा उतरली की प्रेशर स्विच स्टार्टरला खूण करतो. स्टार्टरमधल्या गुंडाळीत वीज येते, तिचं चुंबक होतं, ते समोरचा लोखंडी ठोकळा खट्‌दिशी ओढून घेतं आणि मोटारीचे संपर्क जुळतात. मोटारीकडे जाणारा प्रवाह बिघडला की ओव्हरलोड नावाचा भाग टक्‌ करून सगळं तोडतो. तो पुन्हा चालू करायला डब्यावर लाल बटण असतं. एवढं कळलं तरी पुरे.

त्या सकाळी खट्‌ ऐवजी 'खर्रर्र' असा आवाज आला. डबा घरघरत होता, मोटार चालली, मग टक्‌. सगळं बंद. देवदत्तनं लाल बटण दाबलं. पुन्हा घरघर, पुन्हा टक्‌.

"मोटार गेली ना काका?"

मी तिच्या अंगावर हात ठेवला. "एवढ्यात मारू नकोस तिला. कोमट आहे नुसती."

"माणूस पण गेल्यावर थोडा वेळ कोमटच राहते, बाप्पा."

माझं अनेक वर्षांचं काम हेच होतं, पण निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती. त्याच्याकडे वीज मोजायचा एक मीटर होता. तो घेऊन मी येणारी वीज तपासली. ठीक होती. मी आकडा वाचायला मीटर नाकाशी धरला होता.

"नाशिकले असंच वास घेऊन बघतात का?"

"माझे डोळे नाशिकचे राहिले नाहीत आता. तू वाच."

मग मेन स्विच बंद करून, वीज खरंच गेली का ते मीटरनं पाहून, वायरींचे स्क्रू आवळले. एक सैल निघाला. मला इतका आनंद झाला की मी "सापडलं!" असं ओरडलो. चालू केलं. खर्रर्र. टक्‌. देवदत्तनं कॉफी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी मी प्रेशर स्विचवर संशय घेतला. तो आतून कुचकामी झाला की स्टार्टरला धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही, म्हणून स्टार्टर थरथरतो. मेन बंद करून त्याच्या दोन तारा तात्पुरत्या जोडल्या, म्हणजे तो खेळातूनच बाहेर. देवदत्तला टाकीच्या काट्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि अगदी थोडा वेळ चालू केलं. खर्रर्र तसंच. म्हणजे स्विचचा दोष नव्हता. तारा पूर्ववत केल्या.

"मग आता?"

"दोष डब्यातच आहे. गुंडाळी गेली असेल. ती गेली तर या जुन्या डब्याला मिळेल की नाही, सांगता येत नाही."

"म्हणजे गेलाच म्हणायचा."

"उघडल्याशिवाय नाही म्हणणार मी. उद्या उघडू."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, घाबरलाय. घरी गेल्यावर माझं जेवणात लक्ष नव्हतं. अनीशनं विचारलं, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "स्टार्टर." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." कंप्रेसर मेला तर देवदत्त शब्दाप्रमाणे बॉथेलला जाणार. मग मी सकाळी व्हॅनची वाट बघायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी स्टार्टर उघडला. मेन बंद, मीटरनं पुन्हा खात्री. झाकण काढलं, गुंडाळीवरचा लोखंडी ठोकळा सोडवला आणि उलटा करून खिडकीपाशी नेला. चुंबकाला टेकणारा त्याचा चेहरा आरशासारखा सपाट असायला हवा. दोन सपाट चेहरे गच्च मिटले की आवाज येत नाही. त्यांच्यात कागदाएवढं जरी काही अडकलं तरी ते नीट मिटत नाहीत आणि घरघरत राहतात. या ठोकळ्यावर काहीतरी काळपट, वाळलेलं चिकटलं होतं. नखानं काढलं. टणक होतं.

"हे काय रे?"

देवदत्तनं चष्मा लावला. "भात?"

"भात कुठला? तांदूळ. लाल आहे बघ एका बाजूनं."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "बाप्पा! खंडेनवमी."

"म्हणजे?"

"तुम्ही नव्हते ना. मी म्हटलं, वरच्या पत्र्याले कुंकू लावून काय फायदा, काम तर आतला करते. मग झाकणच काढलं. आत हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. नारळ फोडला होता, त्याचं पाणी शिंपडलं थोडं."

"विजेच्या डब्यात पाणी?"

"थोडंसंच. मेन बंद होतं ना काका. एवढा पण येडा नाही."

"अरे, आमच्या कारखान्यात पॅनेलच्या दाराला हार घालायचे आणि बाहेरून टिळा. आत देवालासुद्धा परवानगी नव्हती."

मी हसायला लागलो. खोकला आला तरी हसत होतो. नारळाच्या पाण्यानं ओल्या अक्षता चुंबकावर चिकटल्या, वाळल्या, आणि तो बिचारा दर वेळी त्या चिरडायचा प्रयत्न करत होता. संपर्क नीट जुळत नव्हते, ठिणग्या उडत होत्या, आणि ओव्हरलोड त्याचं काम करत होता. कापडानं दोन्ही चेहरे स्वच्छ पुसले. संपर्क थोडे काळवंडले होते, पण शाबूत होते. सगळं पुन्हा बसवलं, झाकण लावलं, मेन वर केलं.

खट्‌.

एकच आवाज, कोरा. मोटारीनं सूर धरला. टाकीचा काटा चढू लागला. माझे डोळे भरून आले हे लिहायला हरकत नाही, तेव्हा मी डोळ्यात भुसा गेल्याचं नाटक केलं होतं.

"म्हणजे हा आता चालन?" देवदत्तनं मोटारीच्या आवाजात ओरडून विचारलं.

"चालेल म्हणजे काय! तुझ्या-माझ्यानंतरही चालेल."

"हं," तो म्हणाला, आणि बाकावर बसला. त्याचा चेहरा उजळायला हवा होता. तो कुणीतरी दार तोंडावर लावल्यासारखा बसला होता. मला वाटलं, अक्षतांची लाज वाटली असेल.

तेवढ्यात फोन वाजला. सई. रविवार नव्हता. कंप्रेसर बिघडल्याचं त्यानं तिला आधीच सांगितलेलं असणार. त्यानं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कंप्रेसरकडे. आणि मला हातानं खूण केली. बंद करा.

मला आधी कळलं नाही. त्यानं पुन्हा केली, दोन्ही हात जोडल्यासारखे करून. मी मेन खाली ओढलं. मोटार थांबली, हवेचा फुस्‌ आवाज आला आणि गाळा एकदम शांत झाला.

या वेळी त्यानं फोन बाकावर ठेवला नाही, कानाला लावला. माझ्याकडे पाठ केली.

"हो, बघितलं ना काकांनी. नाही गं. नाही होत. जुना आहे, त्याचा पार्ट मिळत नाही आता... हो... नाही, नवीन काय घ्यायचा या वयात... मग? शब्द दिला होता ना मी. येतो... रडते काय, येडे? येतो म्हटलं ना."

फोन ठेवून तो तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी हातातल्या कापडाची घडी घालत बसलो.

"रागावले काका?"

"कशाला रागावू?"

"तुम्ही तीन दिवस घातले."

"मला काय दुसरं काम होतं?"

मग तो वळला आणि बोलला. त्याला इतकं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. म्हणाला, "तुम्ही आजारी होते ना, तेव्हा मी कोणाशीच बोललो नाही. किती दिवस, ते बी नाही सांगू शकत. रविवारी सईचा फोन आला तर घशातून आवाजच निघेना. ती म्हणाली, बाबा, झोपले होते का? मी हो म्हटलं." मग म्हणाला, "इतकी वर्षं तिला नाही-नाही म्हणत आलो. आता कोणत्या तोंडानं सांगू, की मला घेऊन जा? पोरीकडे असं मागते का कोणी बाप? हा बिघडला तेव्हा वाटलं, चला, सुटलो. शब्दासाठी जातो आहे, असं होईल."

"मला सांगायचंस. मी उघडलाच नसता."

"तुम्ही किती खूश होते," तो म्हणाला.

तो इतकी वर्षं माझ्यासारखाच रिकाम्या घरात परत जात होता, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी त्याच्या शेजारी बसून कळस घासत होतो आणि समजत होतो की एकटा मीच आहे.

"सईले सांगू नका," तो म्हणाला. तो होता तोवर मी कुणालाच सांगितलं नाही. आता सांगतोय. सई, कंप्रेसर चांगला चालत होता. तू ओढून नेलं नाहीस. त्याला यायचं होतं.

पुढचे काही आठवडे आवराआवरीत गेले. राहिलेली देवघरं त्यानं पूर्ण केली, आणि त्यासाठी कंप्रेसर लागलाच. सईचा फोन आला की मी न सांगता मेन खाली ओढायचो. एकदा विसरलो, तर त्यानं "शेजारच्या टायरवाल्याचा आवाज आहे" असं सांगितलं आणि नंतर माझ्याकडे बघून डोळा मारला. पुढे तो टायरवालाच कंप्रेसर घेऊन गेला. चालवून दाखवा म्हणाला. पहिल्याच खटक्याला चालला. देवदत्त तेव्हा बाहेर व्हॅनमध्ये काहीतरी शोधत होता, टायरवाला जाईपर्यंत शोधतच होता.

बॉथेलला तो वर्षभर राहिला. सई सांगत होती की तिकडे तो खूप बोलायचा, नातवाला गोष्टी सांगायचा, शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचा. ऐकून मला बरं वाटलं आणि थोडं नवलही वाटलं, कारण तसा देवदत्त मी पाहिलाच नाही. आमचे सणावारी फोनवर निरोप यायचे-जायचे, दिव्याचं चित्र, फुलाचं चित्र. बोलणं म्हणाल तर झालं नाही. मी फोन केला नाही. तोही माझ्यासारखाच.

त्याच्या इथल्या शेवटच्या दिवशी रिकाम्या गाळ्याला कुलूप लावून त्यानं मला नेहमीसारखं घरी सोडलं. थंडी होती, अंधार लवकर पडला होता. मी वाटेत काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. चांगलं वाक्य होतं, तेही आता आठवत नाही. आमच्या दारापुढे व्हॅन थांबली.

"उद्या सकाळचं विमान का?"

"हो, लवकरचं आहे."

"संध्याकाळी जेवायचं काय?"

"ब्रेड आहे, अंडी आहेत. संपवून टाकतो."

"बरं," म्हणून मी उतरलो, दार लावलं आणि पायऱ्यांकडे निघालो. व्हॅन हलली नाही. काच खाली आली.

"काका, दार नीट नाही लागलं."

मी परत आलो, दार उघडून जोरात ओढलं. "आता?"

"हां, लागलं."